थेसुकनं फोन का केला नाही

तोंगयंग, २८ मार्च २०११, सोमवार

मिरान,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज माझ्याकडे ते शिल्लक नाहीत, म्हणून लिहीत नाही.

तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा तुझ्या हाताखालची ती मुलगी बोलली. "लेखिकाबाई लिहायला बसल्यात, कुणाचा निरोप सांगू?" मी म्हटलं, मोठ्या बहिणीचा. तर म्हणते कशी, "म्हणजे मालिकेतल्या मोठ्या बहिणीचं, थेसुकचं काम करणाऱ्या बाईंचा का?" एरवी हसून सोडून दिलं असतं. पण आता हसण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र मध्येच तोडून कुणी "लेखिकाबाई कामात आहेत" म्हणू शकत नाही.

तुझी 'दोघींचं अंगण' ही मालिका सुरू झाली त्या शनिवारी मी दुकान सातलाच बंद केलं. आठच्या ठोक्याला अर्धा बाजार आमच्या टीव्हीपुढे बसला होता. तुझ्या भावोजींनी कालवं भाजून सगळ्यांना खायला घातली. त्याच्या आधल्या आठवड्यात बाजाराच्या तोंडाशी मी मोठा कापडी बॅनर लावून घेतला होता. 'सुकी मासळीवाली बे मालसुन हिची धाकटी बहीण बे मिरान हिने लिहिलेली नवी मालिका. बाजारातर्फे अभिनंदन!' माझं नाव आधी घातलं, कारण तुला इथं आता ओळखतं कोण? त्या हौसेची शिक्षा भोगतेय.

पहिल्या भागात ती थेसुक आली. सुक्या मासळीचं दुकान, अंगात जांभळं बिनबाह्यांचं रजईचं जाकीट, आणि भाव सांगायच्या आधी मांदेलीचं डोकं दातांनी तोडून चव बघायची सवय. सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या, मीही हसले. म्हटलं, पोरीला आपली आठवण आहे. दुसऱ्या भागात तिनं धाकट्या सोराचं सोलहून आलेलं कॉलेजचं पत्र चुलीत घातलं. पाचव्यात आजारी आईवर ओरडली. हसणं हळूहळू थांबलं. आणि काल आठव्या भागात तिनं काय करावं? ग्राहकाला वजन करून दिलं, वर एक मूठ जास्तीची घातली, आणि तो छत्री उचलायला वाकला तेवढ्यात ती मूठ पिशवीतून परत काढून घेतली.

मिरान, तेहतीस वर्षं मी या बाजारात बसते. वरची मूठ घातलेली मी कधी कुणाची परत घेतलेली नाही. आज सकाळी एका बाईनं माझ्यासमोर पिशवी उघडली आणि पुन्हा तराजूवर ठेवायला लावली. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका, पण टीव्हीवर बघितलंय आम्ही."

बॅनर मी शिडी लावून स्वतः उतरवला. त्याची मागची बाजू कोरी आहे, मासळी वाळत घालायला होईल. तू थेसुकला सुधार. मला बाकी काही नको.

मालसुन


सोल, ६ एप्रिल २०११

ताई,

थेसुक म्हणजे तू नाहीस. ती एक पात्र आहे. मासळीचं दुकान या देशात तू एकटीच चालवत नाहीस आणि जांभळी जाकिटं प्रत्येक आठवडी बाजारात टांगलेली असतात. तुला तिच्यात तूच दिसलीस तर तो माझा दोष नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते उगीच नाही.

मी कशी राहते ते तुला ठाऊक नाही म्हणून सांगते. जो भाग शनिवारी दिसतो त्याची शेवटची पानं मी त्याच आठवड्यात बुधवारी लिहिते. गुरुवारी ती चित्रीकरणावर जातात, कधीकधी एकेक पान जातं आणि नटमंडळी उभ्या उभ्या पाठ करतात. आठवड्याला दोन भाग. केस धुवायला सवड नाही, तिथं फोनवर तुझ्याशी भांडायला कुठून आणू?

आणि सुधारायचं म्हणतेस, तर तेही ऐक. वाहिनीच्या संकेतस्थळावर प्रेक्षकांचा फलक आहे, तिथं लोक मालिकेबद्दल लिहितात. गेल्या आठवड्यात चार हजार जणांनी लिहिलं. त्यातल्या तीन हजार जणांनी थेसुकला शिव्या दिल्या. कुणी तिच्या घशात काटा अडकवा म्हणतं, कुणी सोराला तिच्या कानाखाली वाजवायला सांगतं. तिचं काम करणाऱ्या बाईंना परवा भाजीवालीनं कांदे विकायला नकार दिला. लोक तिचा द्वेष करायला म्हणून आठ वाजता बसतात. ती सुधारली तर ते चॅनल बदलतील.

तू पाठवलेली मांदेली मी हाताखालच्या मुलींना वाटून टाकली. मला त्या वासानं लिहायला सुचत नाही.

मिरान


तोंगयंग, १६ मे २०११

मिरान,

वासानं सुचत नाही म्हणे. त्याच वासावर तुझ्या कॉलेजची चार वर्षं निघाली, तेव्हा बरं सुचत होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तुझं मागचं पत्र मी फाडून टाकलं होतं आणि पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. काल बाविसावा भाग बघितला, म्हणून बसले.

म्हणजे हे होतं तर तुझ्या पोटात. आई अंथरुणावर शेवटचे श्वास मोजतेय. डॉक्टर सांगून गेलेत की ज्यांना बोलवायचं त्यांना बोलावून घ्या. थेसुक फोनपाशी जाते, रिसीव्हर उचलते, परत ठेवते, आणि निवांत मासळी निवडायला बसते. सोरा येते ती थेट दुखवट्याच्या खोलीत. तिला आईच्या अंतकाळी उशाशी बसायला मिळत नाही. आणि तू त्या थेसुकचा चेहरा केवढा मोठा करून दाखवलास! ती गालात हसत होती. मिरान, ती हसत होती.

आमच्या खोलीत दहा बायका होत्या. समोरच्या मासेवाल्या चोलगूच्या आईनं आपली चप्पल घातली आणि निघून गेली. आपल्या आईच्या वेळी तू ती गेल्यावर पोचलीस, हे या बाजारात कोणाला ठाऊक नाही? तुझे भावोजी म्हणाले, "बंद कर तो डबा." मी म्हटलं, नाही, पुढच्या आठवड्यात काय होतं ते दाखवतात, तेही बघू दे.

आज तेगूहून सहलीची बस आली होती. एका बाईनं तीन पिशव्या घेतल्या. तेवढ्यात कुणीतरी तिच्या कानाला लागलं. तिनं त्या तिन्ही पिशव्या माझ्या पुढ्यात आपटल्या आणि सगळ्या बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आईच्या मरणाची खबर लपवणाऱ्या बाईच्या हातचं आमच्या घरात शिजायचं नाही." मी साठीला आलेली बाई. खाली वाकून मांदेली वेचत होते तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं पश्चात्ताप झाला.

मग मीही एक केलं. आमच्या वॉर्डाच्या कचेरीत म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवतात, तिथं गेले. एका बोटानं दोन तास लागले, पण तुझ्या त्या प्रेक्षकांच्या फलकावर स्वतःच्या नावानं लिहिलं. 'थेसुकनं आईला नऊ वर्षं उताणं-पालथं केलं, गू-मूत काढलं, ते एकाही भागात का दाखवलं नाही? सोरा वर्षातून दोनदा फळांची पेटी घेऊन येते आणि चांगली ठरते, हे कुठलं अंगण?' तीनशे बारा जणांनी उत्तर दिलं. सगळ्या शिव्या. एकानं विचारलं, तुम्ही त्या नटीच्या आई आहात का? दुसरा म्हणाला, आजी, औषध घ्या.

तुला माझ्यावर राग आहे तर माझ्या तोंडावर ये. देशभरातल्या दिवाणखान्यांतून माझ्यावर थुंकायला लावू नकोस.

मालसुन


सोल, २५ मे २०११

ताई,

बरं. आता पात्रबित्र म्हणत नाही. तू सरळ लिहिलंस, मीही सरळ लिहिते.

सहा वर्षांपूर्वी मंगळवारी दुपारी तुझा फोन आला. "आई पहाटे गेली." एवढं बोलून ठेवून दिलास. मी अंगावरच्या कपड्यानिशी बस धरली. इस्पितळाच्या तळघरातल्या त्या दुखवट्याच्या खोलीत शिरले तेव्हा आईचा फोटो फुलांत ठेवलेला होता आणि लोक तिखट रस्सा-भात जेवत होते. चोलगूची आई मला म्हणाली, "अगं, डॉक्टर रविवारी सकाळीच सांगून गेले होते, तू कुठं होतीस?" रविवार सकाळ ते मंगळवार पहाट. फोन आईच्या उशाशी, फळीवर. सोलहून बस साडेचार तासांची.

त्या दिवशी मी तुला विचारलं, का नाही कळवलंस? तू म्हणालीस, "गडबडीत सुचलं नाही." ताई, सत्याऐंशी साली कोणत्या बाईनं अर्धा किलो उधार नेलं ते तुला आजही सुचतं. आईचा अंतकाळ नाही सुचला?

लोक आईबापाच्या शेवटच्या क्षणी हात धरता यावा म्हणून परदेशातून विमानं पकडून येतात. मला विचारतात, तुम्ही होता का जवळ? मी सहा वर्षं "होते" असं खोटं सांगते. आता समजलं, बाविसावा भाग कुठून आला?

तू आईचं नऊ वर्षं केलंस. ते मी नाकारत नाही. पण ते केलंस म्हणून आई तुझ्या मालकीची झाली नाही.

आता कामाचं. जुलैअखेर मला थेसुकचा शेवट ठरवायचा आहे. फलकावर सगळ्यांना तिला पोटाचा कॅन्सर हवा आहे, दिग्दर्शकालाही तोच हवा आहे. तिनं एकटीनं तडफडावं आणि सोरानं दारातून परत जावं. मी अजून हो म्हटलेलं नाही. फोन का केला नाहीस, एवढंच सांग. खरं कारण दे, मी तिला वाचवते.

मिरान


तोंगयंग, ७ जून २०११

मिरान,

कारण काही नाही. मार तिला.

कॅन्सरच कर. आमच्या चोलगूच्या आईचं म्हणणं आहे की थेसुकला आधी वेड लागावं, मग घर जळावं, मग कॅन्सर. तिचंही तुझ्या फलकावर घाल. मारायचीच तर चांगली दोन भाग पुरवून मार, जाहिराती मिळतील.

फक्त ती पेज नीट दाखव. सोळाव्या भागात तुझी थेसुक आईला कालवं घातलेली पेज लांब चमच्यानं भरवते. अर्धांगवायू झालेल्या माणसाला कालव गिळता येतं का? घशात अडकून मरेल. कालवं उकळून फेकायची, नुसतं पाणी पेजेत घालायचं आणि ती गाळून लहान चमच्यानं जिभेच्या उजव्या बाजूला सोडायची, कारण डावी बाजू मेलेली असते. मग गळ्यावरून खाली हात फिरवायचा, तेव्हा घोट उतरतो. एका वाटीला तासभर लागतो. तुला कुठून ठाऊक असणार? तू यायचीस तेव्हा आईला मी आधीच भरवून, पुसून, केस विंचरून बसवलेली असायची. आयत्या बिळावर नागोबा.

तू माझ्याशी सौदा करतेस. खरं सांग, मग वाचवते. मी मासळी विकते, मिरान. ते विकत नाही.

मालसुन


सोल, १ ऑगस्ट २०११

ताई,

दोन महिने लिहिलं नाही, कारण तुझ्या त्या पेजेनं मला झोपू दिलं नाही.

मालिका चार भागांनी वाढवली आहे. आता चार सप्टेंबरला संपेल. आणि का वाढवली ऐक. तुझं ते फलकावरचं लिहिणं आठवतंय? तीनशे बारा शिव्यांच्या खाली जूनमध्ये एका बाईनं लिहिलं, 'मीही सासूचं सात वर्षं केलं. थेसुकला शिव्या देणाऱ्यांनी एकदा चादर बदलून दाखवावी.' तिच्याखाली दुसरी आली. मग त्या येतच राहिल्या. आज दोन हजारांच्या वर झाल्यात. त्या स्वतःला थेसुकच्या माहेरची माणसं म्हणवतात. सोराच्या बाजूचे आणि थेसुकच्या बाजूचे रोज तिथं एकमेकांच्या झिंज्या उपटतात. आणि त्या बायका सारख्या एकच विचारतात, जिनं आईला पेज भरवली ती फोन का करणार नाही? काहीतरी कारण असलंच पाहिजे, लेखिकेनं ते लपवलंय.

मीही विचार करत बसले. आणि ताई, मला ते सापडलं.

त्या आठवड्यात माझ्या पहिल्या नाटिकेचं चित्रीकरण होतं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर पहिल्यांदा माझ्या नावानं काही होणार होतं. आईला ते ठाऊक होतं, मीच फोनवर सांगितलं होतं. तिनंच तुला अडवलं ना? "तिला कळवू नको, ती सगळं टाकून येईल, तिचं काम मोडेल." आणि तू ते तिच्या शब्दाखातर सहा वर्षं पोटात ठेवलंस. माझा राग झेललास. आता बाजाराचाही झेललास. म्हणूनच लिहिलंस ना, ते विकत नाही म्हणून?

किती वेडी आहे मी. तेरा तारखेचा भाग बघ. मी थेसुकला मारत नाहीये. तू एकदा बोलली असतीस तर पहिला भागसुद्धा वेगळा लिहिला असता.

मला माफ कर.

मिरान


तोंगयंग, १६ ऑगस्ट २०११

मिरान,

सोमवारी पंधरा ऑगस्टची सुट्टी, पोस्ट बंद होतं, नाहीतर हे पत्र कालच निघालं असतं.

शनिवारी बघितलं. आई थेसुकचं मनगट धरते, "सोराला कळवू नको." थेसुक रिसीव्हर खाली ठेवते आणि तोंडात रुमाल कोंबून रडते. बाविसाव्या भागात जी गालात हसत होती तीच ही, फक्त आता कळलं की ते हसू नव्हतं, हुंदका होता. फार हुशार आहेस तू.

काल सकाळी दुकान उघडलं तर दारात तांदळाच्या वड्यांचं ताट, वर ओला रुमाल झाकलेला. चोलगूच्या आईनं मला मिठी मारली, माझ्या जाकिटाला तिचं नाक पुसलं गेलं. तेगूची ती बाई मुद्दाम बस बदलून आली, भर बाजारात कमरेत वाकली आणि सहा पेट्या घेऊन गेली. बाजाराच्या मंडळींनी ठरवलंय की बॅनर पुन्हा लावायचा. मेल्या म्हशीला मणभर दूध.

मी एकही वडी खाल्ली नाही.

तू मला धुऊन काढू नकोस, मिरान. वाईट म्हणालीस तेव्हा निदान तू माझ्याकडे बघत तरी होतीस. आता तू जी दाखवलीस ती कोण बाई आहे मला ठाऊक नाही, पण सगळे तिच्या वाटची मिठी मला मारतात. हे मला सोसत नाही. तुला खरं कारण हवं होतं ना? घे.

आईनं मला अडवलं नाही. आई तुलाच मागत होती. जीभ जड झाली होती, पण "मिरान आली?" एवढं स्पष्ट विचारायची. मी म्हणायची, "निघाली आहे, बस लागलीय, येईलच." तुझ्या त्या नाटिकेचं तिला काही ध्यानात नव्हतं. माझ्याही नव्हतं.

मी फोनपाशी गेले, रिसीव्हर उचलला आणि ठेवला. तेवढं तू बरोबर लिहिलंस, कसं काय कोण जाणे.

नऊ वर्षं मी तिचं केलं. तू वर्षातून दोनदा यायचीस, आणि तिचा चेहरा असा उजळायचा की मी खोलीतून बाहेर जायची. तुझा हात गालावर ठेवून म्हणायची, "माझ्या मिरानचे हात किती मऊ." मला म्हणायची, "तुझ्या हाताला वास येतो, धुऊन ये." वाईट मनानं नाही म्हणायची. म्हणायची एवढं खरं. माझं नावच बघ ना, मालसुन, म्हणजे ही शेवटची पोरगी, आता पुरे. मी जन्मले तेव्हाच त्यांना पुरे झालं होतं. तरी नऊ वर्षांनी तू आलीस, आणि तू कुणालाच पुरे झाली नाहीस.

त्या रविवारी मला वाटलं, हा एक शेवट तरी माझा असू दे. तू आलीस तर ती तुझ्याकडे बघत जाईल. तू नाही आलीस तर तिला माझ्याकडे बघावं लागेल. एवढंच. याला कॅन्सरचीसुद्धा शिक्षा पुरी नाही आणि हे कुठल्या फलकावरच्या बाईला पटणार नाही.

आणि पुढचंही ऐक, म्हणजे तुझं समाधान होईल. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी हात धरून बसले होते, साबणानं तीनदा धुतलेला हात, आणि ती शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. तुझं मी घेतलं, पण मलाही ते मिळालं नाही.

मालसुन


सोल, २४ ऑगस्ट २०११

ताई,

पत्र सहा दिवस टेबलावर आहे. पन्नासावा भाग मी त्याच्या शेजारी बसून लिहिला. काय लिहिलं ते आठवत नाही.

मी तुला माफ करणार नाही. पहिल्या तारखेच्या पत्रात माफी मागितली होती, ती परत घेते.

आईनं अडवलं असं मीच रचलं, कारण त्यात माझीही सोय होती. त्यात मला कुणी लुटलेलं नव्हतं. आई स्वतःच म्हणाली होती की नको बोलावू. आता मात्र ती दाराकडे बघते आहे, आणि मी चहा पीत चित्रीकरणाच्या जागी बसले आहे. हे चित्र तू मला दिलंस. परत दे म्हटलंस तरी आता देता येत नाही.

तू लिहिलंस ते मी मालिकेत घेणार नाही. भिऊ नकोस. ते लिहायला मला जमणारही नाही. दिग्दर्शकाला शेवटच्या भागात मिठी हवी आहे, बंदरावर, वारा सुटलेला, दोघी बहिणी. थेसुकच्या माहेरच्यांनाही तीच हवी, सोराच्या बाजूच्यांनाही तीच हवी. आयुष्यात पहिल्यांदा सगळे प्रेक्षक एका मताचे झालेत आणि माझा हात चालत नाही.

एकच विचारते आणि पुन्हा काही विचारणार नाही. तिनं मला किती वेळा विचारलं?

मिरान


तोंगयंग, २९ ऑगस्ट २०११

मिरान,

पाच वेळा.

रविवारी दुपारी एकदा, पेज नको म्हणाली तेव्हा. संध्याकाळी चोलगूची आई आत आली, तेव्हा तिला तूच वाटलीस. सोमवारी सकाळी केस विंचरताना. सोमवारी संध्याकाळी बाहेर बसचा भोंगा वाजला तेव्हा. आणि मंगळवारी पहाटे. त्यानंतर नाही. मला विसरता आलं असतं तर विसरले असते. माझी स्मरणशक्ती तुला ठाऊक आहे.

माफी मी मागितली नव्हती, तेव्हा तू दिली नाहीस याचं वाईट वाटून घेत नाही. मीही तुला बाविसाव्या भागाची माफी देत नाही. ते गालातलं हसू मी विसरणार नाही.

मिठी दाखवू नकोस. मी तुझी बहीण म्हणून नाही, प्रेक्षक म्हणून सांगते. खोटी वाटेल. दोघींना एका परातीपाशी बसव, काम करू दे, आणि संपव. बघणाऱ्याला काय समजायचं ते समजेल. नाही समजलं तर देईल शिव्या, आपल्याला आता त्याची सवय आहे.

आता कामाचं. आईचं वर्षाचं श्राद्ध सहा सप्टेंबरला आहे, मंगळवारी, संध्याकाळी. पाच श्राद्धं झाली, तू एकदाही आली नाहीस, दर वेळी काम होतं. यंदा तुझी मालिका चारला संपते, मी कॅलेंडरवर बघितलं. आपल्याला भाऊ नाही, तेव्हा श्राद्धाचं पान मांडायचं आपल्यालाच आहे. माशाचे तुकडे तळायला दोन माणसं लागतात, एकीनं पिठात आणि अंड्यात बुडवायचे आणि दुसरीनं कढईवर बसायचं. पाच वर्षं मी एकटी बुडवते आणि एकटी तळते. दर वर्षी पहिले चार करपतात.

आलीस तर आशीर्वादाची अपेक्षा ठेवू नकोस. हात धुऊन येईन, एवढं कबूल करते. सोलहून सकाळी सातची बस धरलीस तर दुपारच्या आत पोचतेस.

मी फोन करणार नाही. हे पत्र रजिस्टर्ड पोस्टानं पाठवते आहे. पोस्टमन तुझ्या स्वतःच्या हातात देईल, हाताखालच्या मुलीच्या नाही, आणि तुझी सही घेईल. सहीची पावती माझ्याकडे येईल.

या वेळी कळवलं नाही म्हणू नकोस.

मालसुन